रिकाम्या तारखांची शिरगणती

१४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ

गावच्या पाण्याच्या पंपाच्या नोंदवहीची मागची पानं कोरी आहेत. तालुक्याला फक्त पुढची लागतात. म्हणून इथे लिहितो. कुणी वाचायचं कारण नाही.

आज द्राक्षवेलींच्या संताचा दिवस. सकाळी चर्च उघडलं, मेणबत्ती लावली, मग वेली छाटायला गेलो. आम्ही तिघे होतो. पूर्वी तीस असायचो, पण त्या तिसांतले वीस नुसते प्यायला यायचे. छाटणारे तेवढेच म्हणायचे.

मग इल्चोच्या दुकानात बसलो. दुकान आणि गुत्ता एकच खोली. टीव्ही चालू होता. टाय घातलेला तज्ज्ञ, मागे देशाचा नकाशा, त्यात आमचा वायव्येचा कोपरा सगळ्यांत काळा. म्हणाला, परदेशी गेलेल्या शंभरांतले एक्याण्णव परत येत नाहीत. म्हणाला, पन्नास माणसांच्या आतली गावं पंधरा वर्षांत रिकामी होतील.

मी विचारलं, हा माणूस आमच्या दोल्ना क्रुशात कधी आलाय का? इल्चो म्हणाला, येऊ दे की, आला तर आपण वीस होऊ.

निश्चय: उद्यापासून बातम्या बंद. खोटं ऐकणं हेही खोटं बोलण्याइतकंच.

१५ फेब्रुवारी

बातम्या बघितल्या, पण फक्त हवामानासाठी. वायव्येला धुकं म्हणाले. स्वच्छ ऊन पडलं होतं. जे खिडकीबाहेरचं सांगू शकत नाहीत ते पंधरा वर्षांपुढचं सांगतात.

१९ फेब्रुवारी, रविवार

अकरा वाजता गेर्गिनाचा फोन, प्रार्थना आटोपल्यावर, नेहमीप्रमाणे. (फादर स्पिरिदोन महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार मीच वाचतो. ऐकायला पाच-सहा जणी असतात.)

माझी बायको सहा वर्षं इटलीत आहे, फोर्लीला. एका म्हातारीला सांभाळते. सिन्योरा ओर्नेला, वय ब्याण्णव. गेर्गिनाचं पहिल्यापासून म्हणणं एकच. सिन्योरा आहे तोवर तिला टाकून येणं बरोबर नाही. आणि गावाला बस आहे तोवरच परत येण्यात अर्थ आहे. बस गेली तर, म्हणते, "औषधाच्या गोळ्या आणायला या वयात डोंगर उतरून चालत जाऊ का मी, पर्वान?"

बरोबरच आहे तिचं. म्हणजे गोष्टी दोनच. सिन्योरा देवाच्या हातात, बस सरकारच्या.

त्या एक्याण्णवांबद्दल तिला बोललो नाही. उरलेल्या नवांतली ती आहे, तिला काय त्याचं?

१ मार्च

त्सेना आजीनं मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला, वसंताचा. शेजारीण माझी, वय शहाऐंशी. दरवर्षी अख्ख्या गावासाठी स्वतः वळते. विचारलं, यंदा किती केलेस? म्हणाली, "एकोणीस, पोरा. गेल्या साली तेवीस केले. चार उरले, ते कुत्र्याला बांधले."

हा पुरावा नव्हे. आजीला कमी दिसतं.

दुपारी बस आली. लूको ड्रायव्हरनं तालुक्याचं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे, माझ्याच मयताची चिठ्ठी मीच वाटतोय." पत्र असं: ज्या गावात पन्नासहून कमी कायम रहिवासी आढळतील त्यांची बस एक जानेवारीपासून बंद. शरद ऋतूत मोजणी होईल.

म्हणजे आता बस सरकारच्या हातात नाही. माझ्या आहे.

२ मार्च

माणसं मोजणं मला पसंत नाही. फादर स्पिरिदोन एकदा सांगत होते, जुन्या काळी एका राजानं हौसेनं प्रजा मोजली आणि देशात रोगराई पसरली. म्हणून मी माणसं मोजणार नाही.

मी पाणी मोजणार.

३ मार्च. सकाळी नऊ

पंपाचं मीटर: दिवसाला अडतीस हजार लिटर. पंपाच्या पुस्तकात दिलंय, माणशी एकशेवीस लिटर. भागाकार केला. तीनशे सोळा पूर्णांक सहा.

परत केला. तेवढाच आला.

दोल्ना क्रुशात तीनशे सोळा माणसं पाणी वापरतात! सहा दशांश कोण ते कळलं नाही. बहुधा त्सेना आजी, ती फार बेतानं वापरते. बावीस वर्षं मी हा पंप चालवतो, रोज आकडा लिहितो, आणि एकदाही भागाकार केला नाही. सत्य माझ्याच वहीत होतं.

इल्चोला दाखवलं. म्हणाला, "तीनशे सोळा? मग माझ्याकडून पाव न घेणारे बाकीचे कोण?" काही लोक प्रश्न विचारतात ते फक्त दुसऱ्याचा उत्साह मोडायला.

तालुक्याला पत्र लिहिलं, एक प्रत टीव्हीला. तज्ज्ञाला सभ्य शब्दांत लिहिलं.

१२ मार्च, रविवार

गेर्गिनाचा फोन उशिरा आला. आवाज जड. सर्दी झालीय म्हणाली. तिला पाण्याचा सगळा हिशेब सांगितला. मग म्हणाली, "तुला काय पाहिजे ते तू सिद्ध करशील, पर्वान." कौतुकानं म्हणाली असावी.

आता एक गोष्ट लिहायची लाज वाटते. चर्चमधलं मेणबत्त्यांचं तबक दोन मजली आहे. वर जिवंतांच्या मेणबत्त्या, खाली वाळूत मेलेल्यांच्या. सहा वर्षं दर रविवारी मी सिन्योरा ओर्नेलाची वर लावतो, तिच्या तब्येतीसाठी. आज लावताना हात क्षणभर वाळूकडे गेला. क्षणभरच. देवानं पाहिलंच असणार.

प्रायश्चित्त: तिच्या आयुष्यासाठी आणखी एक मेणबत्ती, वर. रोज रात्रीच्या प्रार्थनेत तिचं नाव गेर्गिनाच्या आधी.

२४ मार्च

माझ्या पत्राची दखल घेतली गेली. तालुक्याहून तिघे जण पिवळी टोपी घालून, यंत्र घेऊन आले. बंद शाळेच्या अंगणाखाली मोठा पाइप फुटलेला आहे. किती वर्षं, ते सांगता येत नाही म्हणाले. त्यांच्यातल्या म्होरक्यानं पाठ थोपटली: "मामा, तुम्ही कळवलंत म्हणून सापडलं."

संध्याकाळपर्यंत दुरुस्त.

२५ मार्च

मीटर: दोन हजार सहाशे.

भागिले एकोणीस केले तर माणशी एकशे सदतीस. आकडा इतका बरोबर बसतो की संशय येतो. खऱ्या आयुष्यात असं काही बसत नाही.

टीव्हीचं उत्तर नाही.

१६ एप्रिल, ईस्टर

"ख्रिस्त उठला!" म्हणालो तेव्हा अंगणातून चाळीसएक आवाजांनी उत्तर दिलं. शहरातून मुलं, नातवंडं आलेली. हे दृश्य कॅमेऱ्यानं का दाखवत नाहीत?

लाल अंड्यांची टक्कर मी जिंकलो. त्सेना आजीचं फुटलं, इल्चोचं फुटलं, लूकोचं तर दोन्ही टोकांना. माझं शाबूत. मरियामातेच्या तसबिरीशेजारी ठेवलंय, पुढच्या ईस्टरपर्यंत. जिंकलेलं अंडं म्हणजे घराला चांगलं साल.

गेर्गिनाला येता आलं नाही. सिन्योराचं बरं नाही म्हणाली. ती 'सिन्योरा' म्हणताना मध्ये थोडी थांबते. दमली असेल.

१७ एप्रिल

सगळे गेले. अंगणात लाल टरफलं.

६ मे

बातम्या बघणं बंद. दिवस पहिला.

७ मे

अपघातानं बघितल्या. इल्चोच्या दुकानात मीठ आणायला गेलो होतो. नवा आकडा: आता शंभरांतले त्र्याण्णव. विचारलं, तीन महिन्यांत दोन माणसं कुठून आणली यांनी? इल्चो म्हणाला, "त्यांतला एक मी." ऑक्टोबरात दुकान बंद करून मुलाकडे शहरात जायचं त्याच्या मनात आहे.

मी म्हणालो, तू जाणार नाहीस. तो म्हणाला, बरं.

३ जून, पितरांचा शनिवार

आज देवानं मला उपाय दाखवला. उपाय असा सोपा की रडू आलं.

चेरींच्या दिवसांतला पितरांचा शनिवार. लोक कबरीवर उकडलेले गोड गहू, पाव, चेरी ठेवतात, थोडी वाईन मातीवर ओततात, उरलेलं एकमेकांना वाटतात. मी आईबाबांच्या कबरीपाशी गेलो. शेजारी आमचा दगड आहे, माझा आणि गेर्गिनाचा. बाबा गेले तेव्हा गवंडी आलेलाच होता, म्हणून आपलाही करून घेतला. इथे सगळेच तसं करतात. दोघांचे फोटो, जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढची जागा रिकामी. गेर्गिना फोटोत निळ्या ब्लाउजमध्ये आहे, छान दिसते.

फोटोवरची धूळ पुसली, आणि एकदम उमगलं.

जो माणूस स्वतःचा दगड इथे उभा करतो तो कायम रहिवासी नाही, तर कोण? फोर्लीतली खोली भाड्याची, स्टुटगार्टमधली नोकरी कराराची. दगड कायमचा. कोणता टीव्हीवाला तज्ज्ञ कबरस्तानात जाऊन रिकाम्या तारखा बघून आलाय?

मोजल्या. सत्तेचाळीस नावं. त्यांतली बारा आम्हा इथे राहणाऱ्यांचीच, ती वजा. पस्तीस. अधिक आम्ही एकोणीस. चोपन्न.

पाप केलं हे खरं, माणसं मोजली. पण दगड मोजले असंही म्हणता येईल.

४ जून

इल्चोला यादी वाचून दाखवली. स्वतःचं नाव ऐकून म्हणाला, मी तर चाललोय. मी म्हणालो, तुझा दगड आहे, म्हणजे तू आहेस. तो म्हणाला, "म्हणजे मेल्याशिवाय मला गाव सोडता येणार नाही?" मी म्हणालो, मेलास तर तारीख भरते, मग वजा करावा लागेल. त्यानं राकिया दारूचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

तर्क त्याला पटला असावा.

२१ ऑगस्ट

मोजणीसाठी तालुक्याच्या दिलियाना नावाच्या मुलीची नेमणूक झालीय. फोनवर गोड बोलते, मला 'काका' म्हणते. यादी मिळाली म्हणाली, पण दगडाची सही चालत नाही. माणूस समोर हवा, आणि तो म्हणाला पाहिजे की मी इथे राहतो. तो स्वतः सांगेल तेच लिहायचं, असा नियम.

मी म्हणालो, मग चार नोव्हेंबरला या. शरदातला पितरांचा शनिवार. सगळे समोर असतील.

ती म्हणाली, चालेल काका, एरवी कुणी घरी सापडतच नाही.

म्हणजे तिला काही संशय आला नाही. संशय येण्यासारखं आहेच काय?

१० सप्टेंबर, रविवार

गेर्गिनाला बेत सांगितला. सगळा. चोपन्न, बस, दिलियाना, सगळा.

ती म्हणाली, "टीव्हीवर तर सांगतात ना, बस बंद होणारच." मी म्हणालो, टीव्हीवर काहीही सांगतात, बस मी राखतो, तू बघ. मग म्हणाली, "मी येते चार तारखेला."

सहा वर्षांत पहिल्यांदा शरदात येतेय! विचारलं, सिन्योराला कुणावर सोपवणार? म्हणाली, आल्यावर बोलू.

आल्यावर बोलू म्हणजे सगळं ठरलंय. फोनवर सांगण्यासारखं नसेल.

२ ऑक्टोबर

पस्तीसही जणांना निरोप पाठवले. दिलियाना विचारील तेव्हा एवढंच म्हणा: 'मी दोल्ना क्रुशात राहतो.' खोटं नाही. माणूस राहतो कुठे? जिथे त्याचं मन राहतं. एकतीस जणांनी फोनवर अंगठा पाठवला. एकानं नाचणारं अस्वल पाठवलं, तोही होकारच.

घराला चुना दिला. चुलीचं झाकण बदललं. तिच्या बाजूची उशी उन्हात ठेवली.

१५ ऑक्टोबर

इल्चो गेला. दुकानाला कुलूप. किल्ली मला देऊन म्हणाला, चर्चची आहे, पंपाची आहे, आता ही घे, तू एकटाच गाव हो.

राहणारे अठरा. पण त्याचा दगड आहे, म्हणून बेरीज चोपन्नच. माझी पद्धत किती पक्की आहे ते इथे दिसतं.

३ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी चार

आली. लूकोच्या बसमधून उतरली. केस आखूड केलेत. एकच लहान बॅग. बाकीचं सामान मागाहून येणार असेल, आता कुरियरनं सगळं येतं.

मी बॅग उचलायला गेलो, ती म्हणाली, राहू दे, हलकी आहे.

तिनं चुना पाहिला. झाकण पाहिलं. उशीवर हात ठेवला आणि पटकन काढला. बॅग खुर्चीवरच, उघडली नाही. प्रवासानं दमलीय. त्सेना आजी भेटायला आली, तिला मिठी मारून म्हणाली, "बाई गं, तुला कुणी एवढं बारीक केलं?" आणि दोघी रडल्या. बायका आनंदानं रडतात.

सिन्योराची चौकशी केली. म्हणाली, उद्या.

४ नोव्हेंबर, पितरांचा शनिवार. संध्याकाळी पाच

क्रमानं लिहितो.

सकाळी ऊन. आठला घंटा वाजवली. नऊपर्यंत कबरस्तानाच्या भिंतीला एकवीस गाड्या. माणसं शंभराच्या घरात. तो टायवाला आज इथे असता!

फादर स्पिरिदोन यांनी धूप फिरवला, नावं वाचली. दिलियाना फाटकाशी फॉर्म घेऊन उभी. गोरी, सडपातळ, पायात शहरी बूट, चिखलात रुतत होते. मी तिला आत नेलं. फाटकापाशी विचारायला हवं होतं. ही माझी चूक. मी तिला थेट कबरींमध्ये नेलं, म्हटलं, ज्याच्या त्याच्या दगडापाशी विचार, म्हणजे पुरावाही समोर.

पहिला वेलिन. इल्चोचा चुलतभाऊ, तो अस्वलवाला. बापाच्या कबरीवर वाईन ओतत होता. तिनं विचारलं, काका, तुम्ही कुठे राहता? त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मातीकडे. ओली माती वाईन पीत होती. म्हणाला, "व्रात्सात."

मी म्हणालो, वेलिन! तो हळूच म्हणाला, "पर्वान, दुसरीकडे कुठेही बोललो असतो. म्हातारा ऐकतोय रे."

मग त्याची बहीण म्हणाली, सोफियात. मग गिरणीवाल्याचे दोघे मुलगे: स्टुटगार्ट, स्टुटगार्ट. हातात गव्हाची वाटी, तोंडात खरं. पितरांपुढे कुणी खोटं बोलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मीही नसतो बोललो. मग मी हा दिवस का निवडला? सगळे येतात म्हणून. ते का येतात, तो विचार केला नाही.

इल्चो नवा कोट घालून आला होता. त्याला विचारलं तेव्हा त्यानं टोपी काढली. म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वी विचारलं असतंस तर, पोरी. टोपी हातातच धरून उभा राहिला.

तीस जण झाले. इथला एकही नाही. मी दिलियानाला म्हणालो, आता माझं घर घे.

गेर्गिना आमच्या दगडापाशी होती. ओल्या फडक्यानं फोटो पुसत होती, आधी माझा, मग स्वतःचा. दिलियानानं विचारलं, ताई, तुम्ही इथे राहता का? गेर्गिना तो निळा ब्लाउज पुसत राहिली. म्हणाली, "नाही."

किती वर्षं बाहेर? सहा. बारा महिन्यांच्या आत परत यायचा विचार आहे का? फॉर्मवर तसा चौकोन असतो.

मी म्हणालो, हो लिही. घरचा कर्ता मी आहे, मी सांगतो, हो लिही. दिलियाना अगदी हळू म्हणाली, "काका, ताई समोर उभ्या आहेत."

गेर्गिना दुसऱ्यांदा म्हणाली, नाही.

दिलियाना निघून गेली. समजूतदार मुलगी आहे. मग गेर्गिना तिथेच कडेला बसली आणि बोलली. सिन्योरा ओर्नेला वारली. केव्हा? बारा मार्चला. तो रविवार. "सर्दी नव्हती झाली मला," म्हणाली. मग एप्रिलपासून एका पावभट्टीत काम करते, पहाटेचं. स्वतःची खोली घेतलीय. खोलीला खिडकी आहे, खाली बाजार भरतो, दिवसभर माणसांचा आवाज येतो. हे सांगताना चेहरा असा झाला होता की मला तो आवाज ऐकू आला.

मी विचारलं, आठ महिने बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "बस बंद होणार, बस बंद होणार, सगळे सांगत होते. मी मनात म्हटलं, एकदा बस बंद झाली की मला काही सांगावंच लागणार नाही. तुलाही बसला शिव्या देता येतील, मला नाही. आणि तू बस वाचवायला निघालास."

म्हणजे बातम्यांवर तिचा विश्वास होता. आम्हा दोघांपैकी तिचा.

मी उठलो. म्हणालो, गवंड्याला बोलावतो, नाव काढून टाकू. रागानं म्हणालो. तिनं माझी बाही धरली. "नाव राहू दे, पर्वान. शेवटी मला इथेच आण. तेवढं वचन दे."

दिलं.

त्सेना आजी काठी टेकत आली. तिनं दोघांच्या ओंजळीत गहू घातले आणि म्हणाली, खा, नुसतं बघत काय बसलात? खाल्ले. गोड होते.

५ नोव्हेंबर, रविवार

वेलिनच्या गाडीतून गेली. बॅग खरंच हलकी होती.

दुपारी विचार केला. रडारड करण्यासारखं काही नाही. तो तज्ज्ञ म्हणतो परत येत नाहीत. पण यायचं कसं, हे तो कुठे सांगतो? गेर्गिनानं शब्द दिलाय, दगडापाशी, पितरांसमक्ष. म्हणजे परत येणाऱ्यांत ती आहेच. तारीख तेवढी भरायची राहिलीय. तिची आधी भरते की माझी, एवढाच प्रश्न.

तर्कात खोट सापडत नाही. तरी जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजता फोनजवळ बसलो. सवयीनं.

पावणेबाराला वाजला. भट्टीतून उशीर झाला म्हणाली. मागून बाजाराचा आवाज. कोबी फार महाग झालाय म्हणाली. मी म्हणालो, इथे कोबी आहे.

२४ नोव्हेंबर

तालुक्याचं पत्र, लूकोच्याच हस्ते. दोल्ना क्रुशा, कायम रहिवासी: अठरा. बस एकतीस डिसेंबरपर्यंत.

लूको म्हणाला, "अठरा कसे रे? तुझ्या यादीत तर चोपन्न होते." मी म्हणालो, यादी बरोबरच आहे, फक्त वेळेच्या आधी केली. तो म्हणाला, चल, बस, एक फेरी फुकट मारून आणतो. बसलो. तालुक्यापर्यंत गेलो आणि आलो. दोघंच होतो. खिडकीतून गाव फार लहान दिसतं, पण धूर निघत होता. मोजला नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

आणखी एक फॉर्म आलाय, घरपट्टीचा. घरात माणसं किती? पेन्सिलनं लिहिलं, दोन. खोडलं. पेननं लिहिलं, एक.

चर्चमध्ये गेलो. सिन्योरा ओर्नेलाची मेणबत्ती नेहमीप्रमाणे वर लावली, मग आठवलं. सदतीस रविवार मी एका मेलेल्या बाईच्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होतो. पेटती मेणबत्ती उचलली, खाली वाळूत खोचली. बोटावर मेण सांडलं. तिची क्षमा मागितली. मार्चमधल्या त्या एका क्षणाचीही. मग वरच्या तबकात गेर्गिनाची लावली, एकटीची.

संध्याकाळी टीव्ही लावला. हवामान सांगत होते. वायव्येला धुकं.

खिडकीपाशी जाऊन पाहिलं. होतं.